डागडुजी आणि दुरुस्ती : फायबरच्या एका नावेचा पाठ



आपल्या शाळेच्या मागील पडवीत गेल्या दिवाळीपासून एक लहानशी शिडाची नाव पालथी घालून ठेवलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. एका माजी विद्यार्थ्याने ती शाळेला भेट म्हणून दिली. तिच्या तळाला तडा गेलेला होता. ती दुरुस्त कशी केली, हे या अंकात लिहावे असे अनेकांनी सुचवले. लिहिण्यास माझी हरकत नव्हती, परंतु एक अडचण होती. ही दुरुस्ती आम्ही दोनदा केली. पहिल्या वेळी ती मी केली आणि ती चुकीची होती. ती चूक वगळून पाठ लिहिला तर तो अर्धाच होईल, म्हणून दोन्ही दुरुस्त्या सांगतो.

माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत या कामाला ‘मरम्मत’ म्हणतात, आपल्या शेजारी गुजरातीत ‘समारकाम’. मराठीत मात्र दोन शब्द आहेत, ‘डागडुजी’ आणि ‘दुरुस्ती’. बोलताना आपण ते एकाच अर्थाने वापरतो. या नावेने मला त्यांतील फरक शिकवला.

१. डभोईत नाव कशाला?

हा प्रश्न काही पालकांनी विचारला आणि तो योग्य आहे. आपले गाव समुद्रापासून दूर आहे. डभोईची ओळख किल्ल्याची, हिरा भागोळीची आणि रेल्वेची. गायकवाडी राज्यात १८६२ साली मियागाम ते डभोई ही अरुंद रुळांची लाइन सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला गाड्या बैलांनी ओढल्या. पुढे डभोई नॅरोगेजचे मोठे जंक्शन झाले. पण पाणीही आपल्याला परके नाही. चांदोदला नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम आहे, आणि तेथे नावेत बसला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल.

आपली ही नाव ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या नावेसारखी आहे. ऑप्टिमिस्टचा आराखडा १९४७ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी केला. मुलांना स्वस्तात शीड हाकारायला शिकता यावे हा त्यामागील हेतू होता. तेव्हा ती प्लायवूडची असे, आता फायबरची असते. लांबी २.३६ मीटर, एकच शीड, एकच मूल बसणार, आणि नुसत्या नावेचे वजन सुमारे ३५ किलो. जगभर १५ वर्षांपर्यंतची मुले याच नावेवर पहिले धडे घेतात.

२. फायबर म्हणजे काय?

आपण ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्यात दोन पदार्थ असतात. एक काचेचे बारीक तंतू आणि दुसरी राळ, म्हणजे रेझीन. काचेचा तंतू ओढण्यास फार बळकट असतो, परंतु तो सुटा असल्यामुळे स्वतःचा आकार धरीत नाही. राळ आकार धरते, पण एकटी असेल तर तडकते. दोन्ही एकत्र आले की हलके, न गंजणारे, न कुजणारे असे अंग तयार होते.

ही कल्पना आपल्याला नवीन वाटू नये. जुन्या घरांच्या भिंतींना लावायच्या मातीत आपले पूर्वज गवताचा भुसा मिसळत. नुसती माती वाळली की भेगा पडतात, भुसा तिला धरून ठेवतो. फायबरमध्ये काच ही भुशाच्या जागी आणि राळ ही मातीच्या जागी आहे.

काचतंतूंचे उत्पादन १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, आणि १९४२ साली ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी त्यापासून लहान नाव तयार केली. आज आपल्या गुजरातच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या कितीतरी लहान होड्या फायबरच्या आहेत. आपल्या गावात पाण्याच्या टाक्या, मोटारीचे बंपर, मूर्ती यांतही हाच माल असतो.

३. दिवाडी बेटावरील नाव

या साहित्यातून केवढे काम होऊ शकते याचे उदाहरण गोव्यात आहे. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौका बांधण्याचा कारखाना आहे. भारतीय नौदलाला एकट्या खलाशाने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याजोगी शिडाची नौका हवी होती. या मोहिमेची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. त्यांचा जन्म १९२७ साली सुरतेला झाला, म्हणजे गुजरातच्या भूमीवर जन्मलेले ते मराठी सुपुत्र. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

दांडेकर यांनी त्यापूर्वी फायबरच्या होड्या बांधल्या होत्या, परंतु एवढी मोठी सागरी शिडाची नौका बांधली नव्हती. आराखडा नेदरलँड्समधला होता. रेड सीडार लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून नौकेचे अंग तयार केले गेले आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सी राळ चढवली गेली. सुमारे १७ मीटर लांबीची ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. नदीच्याच नावावरून तिचे नाव ‘म्हादेई’ ठेवले. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोन महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या.

या हकिकतीतील एक गोष्ट आपल्या पाठाशी संबंधित आहे. नौका बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात होते. समुद्राच्या मध्यावर मिस्त्री येत नाही. ज्याला नावेवर विसंबायचे आहे त्याने तिच्या अंगात आत काय आहे हे जाणले पाहिजे. मी नेमके हेच केले नव्हते.

४. पहिली खेप : मी केलेली डागडुजी

नाव आली तेव्हा तिच्या तळाला बाहेरून सुमारे ५ सेंटीमीटरचा तडा दिसत होता. कोणत्या तरी दगडावर ती आपटली असावी. मी पॉलिश पेपरने वरवर घासले, बाजारातून पुट्टी आणून तड्यात भरली, वर दोन हात ऑइलपेंट दिला. निळ्या रंगात नाव इतकी सुंदर दिसू लागली की २६ जानेवारीच्या कार्यक्रमात आम्ही ती व्यासपीठाजवळ मांडली. पाहुण्यांनी कौतुक केले आणि मी ते स्वीकारले.

रंग चालू असताना इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी शेजारी उभी होती. तिने विचारले, “सर, तुम्ही आतून बघितलं का?”

मी म्हणालो, “आतून कोण बघणार आहे?”

फेब्रुवारीत एका शेततळ्यात मालकांच्या परवानगीने नावेची पाणी-चाचणी घेतली. नावेत कोणालाही बसवले नव्हते. प्रत्येकी २० किलो वाळूच्या चार गोण्या ठेवल्या होत्या. वीस मिनिटांत तळाशी पाणी दिसले. बाहेर काढून पालथी केली तर रंगासकट पुट्टीचा तुकडा भाजलेल्या पापडासारखा सुटून हातात आला. तडा पूर्वीपेक्षा लांबला होता. आत पाहिले तेव्हा बाहेरच्या ५ सेंटीमीटरच्या तड्याच्या मागे हाताच्या पंज्याएवढा भाग पांढरा पडून पिचलेला होता.

येथे मला एक दिवस आठवल्यावाचून राहिला नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. आपल्या जिल्ह्यातील कोणताही पालक तो दिवस विसरणार नाही. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती, त्यांचा आपल्या तड्याशी संबंध नाही. परंतु गोण्यांच्या जागी मूल असते तर, हा विचार त्या तळ्याच्या काठावर माझ्या मनात आला आणि निळा रंग पाहून मिळवलेले कौतुक मला टोचू लागले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी सर्व मुलांसमोर त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा सांगितला, माझे उत्तरही सांगितले, आणि ते चुकीचे होते हे कबूल केले. पुट्टी व रंग यांचा खर्च शाळेच्या हिशेबात धरलेला नाही, तो मी सोसला आहे.

५. पुट्टी का सुटली?

याचे शास्त्र समजून घेऊ. नाव पाण्यात असताना तिचा तळ सतत किंचित वाकतो आणि सरळ होतो. तंतू असलेले अंग हे वाकणे सहन करते. पुट्टीत लांब तंतू नसतात. ती खड्डा भरते, परंतु दोन कडांना एकमेकींशी बांधून ठेवत नाही. दुसरे कारण असे की फायबरच्या जुन्या पृष्ठभागावर मेण, तेल, धूळ असते आणि त्यावर लावलेले काहीही मुळात अंगाला चिकटत नाही. तिसरे कारण, आपटल्यावर तळ आतल्या बाजूला ताणला जातो, म्हणून आतील तंतू अधिक तुटतात. बाहेरून दिसतो तेवढाच घाव असे समजणे हीच नवशिक्याची पहिली चूक होय.

आपल्या परिसरात फायबरच्या टाक्या व मूर्ती करणाऱ्या एका कारागिरांना आम्ही बोलावले. त्यांनी नाव पाहिली, हसले नाहीत, आणि एकच वाक्य बोलले, “साहेब, पहेलां घसो, पछी लगाडो.” आधी घासा, मग लावा. पुढील सगळी कृती या एका वाक्याचा विस्तार आहे.

६. दुसरी खेप : दुरुस्तीची कृती

(अ) आवाज ऐकणे. माठ विकत घेताना आपली आई तो बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कोठेतरी तडा. रेल्वेतही हातोडीने चाक ठोकून आवाजावरून दोष ओळखण्याची पद्धत होती. आम्ही नाण्याने नावेचा सगळा तळ दोन-दोन बोटांच्या अंतरावर वाजवला. जेथे आवाज बद्द झाला तेथे खडूने खूण केली. खुणा जोडल्यावर जो आकार मिळाला तो तड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. हे काम मुलांनी केले, आणि मोठ्यांपेक्षा त्यांचे कान तिखट निघाले.

(आ) वाळवणे. पिचलेल्या भागात पाणी शिरलेले असते. ओल्या अंगावर राळ धरत नाही. नाव तीन आठवडे सावलीत, वारा लागेल अशी ठेवली. मग त्या भागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर उन्हात ठेवला. आतून थेंब जमले तर ओल शिल्लक आहे असे समजावे. पहिल्या खेपेस थेंब जमले, म्हणून आणखी आठ दिवस थांबलो.

(इ) पुसणे. घासण्याच्या आधी स्वच्छ फडक्याने असिटोन लावून मेण व तेल पुसून काढावे. हा क्रम उलटा केला तर घासताना मेण आत दाबले जाते.

(ई) रोगट भाग काढणे. आवाज बद्द असलेला सगळा भाग कापून काढला. पाच सेंटीमीटरच्या तड्याच्या जागी आठ सेंटीमीटर व्यासाचे आरपार गोल भोक झाले. ते पाहून एका पालकांनी, “दुरुस्त करता आहात की मोडता आहात?” असे विचारले. प्रश्न रास्त होता. सडका भाग ठेवून वर कितीही थर चढवले तरी ते सडक्यावरच उभे राहतात.

(उ) उतार देणे. भोकाची कड उभी ठेवून नवा तुकडा बसवला तर तो फक्त कडेच्या जाडीवर टिकतो. म्हणून बाहेरून कड घासून बशीसारखा उतरता उतार करतात. गोधडीला ठिगळ लावताना ते भोकाएवढे कापत नाहीत, चांगल्या कापडावर चार बोटे चढवून शिवतात. तत्त्व तेच आहे. उताराचे प्रमाण जाडीच्या १२ पट धरावे. घासण्यास ८० नंबरचा खरखरीत पेपर वापरला, कारण नवी राळ जुन्या अंगाला धरते ती मुख्यतः या ओरखड्यांतून.

(ऊ) आतून आधार. सनमायकाच्या तुकड्याला मेणाचे पॉलिश लावून तो नावेच्या आतल्या बाजूने भोकावर घट्ट टेकवला. पॉलिशमुळे तो नंतर सहज सुटतो.

(ए) थर चढवणे. काचतंतूंची चटई, जिला बाजारात ‘मॅट’ म्हणतात, तिचे तीन गोल तुकडे कापले. सर्वात मोठा प्रथम, मग त्याहून लहान, मग सर्वात लहान. मोठा तुकडा प्रथम लावल्याने तो अखंड संपूर्ण उतारावर बसतो, आणि शेवटी वरून घासताना तो कापला जात नाही. ब्रशने राळ लावून मॅट ठेवावी आणि ब्रश ओढण्याऐवजी टोचत टोचत राळ मुरवावी. कोरडी मॅट पांढरी दिसते, राळ मुरली की पारदर्शक होते. पांढरे ठिपके राहिले तर तेथे हवा अडकली आहे असे समजून ती दाबून बाहेर काढावी. तिन्ही थर एका बैठकीत, ओल्यावर ओला असे चढवले.

(ऐ) आतला थर. दुसऱ्या दिवशी सनमायका काढून आतली बाजू घासली आणि तेथे २० सेंटीमीटर व्यासाचा एक थर दिला. बाहेरून कोणालाही न दिसणारा हा थर त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

(ओ) वरचा हात. बाहेरून समपातळीत घासून जेलकोट लावला. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून हवा बंद केली. कडक झाल्यावर २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासले.

७. गणित

कृतीत गणित किती लागते ते पाहा. नावेची जाडी ३ मि.मी., म्हणून उतार ३ × १२ = ३६ मि.मी. भोकाचा व्यास ८ सें.मी. दोन्ही बाजूंचा उतार मिळवून एकूण व्यास ८ + ३.६ + ३.६ = १५.२ सें.मी. म्हणून मॅटचे तुकडे १५, १२.५ आणि १० सें.मी. व्यासाचे घेतले.

त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे १७७, १२३ आणि ७८ चौ. सें.मी., बेरीज ३७८ चौ. सें.मी. आमची मॅट दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची होती. तिचा एक थर राळेसकट सुमारे १ मि.मी. जाड होतो, म्हणून ३ मि.मी. साठी तीन थर. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौ. सें.मी. असतात, तेव्हा मॅटचे वजन ३७८ × ४५० ÷ १०,००० = सुमारे १७ ग्रॅम. राळ मॅटच्या अडीचपट, म्हणजे साडेबेचाळीस ग्रॅम. ब्रशला आणि कपाला चिकटून जाणारी धरून ६० ग्रॅम घेतली.

राळ कडक करणारे हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागते. उन्हाळ्यात कमी घ्यावे, कारण उष्णतेने राळ लवकर घट्ट होते. आम्ही १ टक्का घेतले, म्हणजे फक्त ०.६ ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर हे मोजता येत नाही. सोनारांकडे असतो तसा लहान इलेक्ट्रॉनिक काटा आणावा लागला. ‘अंदाजे दोन थेंब’ येथे चालत नाही. हार्डनर कमी पडले तर राळ चिकट राहते, जास्त झाले तर ती तापून तडकते.

८. सावधगिरी (पालकांनी अवश्य वाचावे)

राळ, हार्डनर, कापणे आणि घासणे ही कामे फक्त मोठ्या माणसांनी केली. मुले दूर, वाऱ्याच्या दिशेकडे बसून पाहत होती व नोंदी घेत होती. घरी कोणी प्रयोग करू नये. ज्या मोठ्यांना करायचा आहे त्यांनी पुढील नियम पाळावेत.

राळेसोबत बाजारात ‘कोबाल्ट’ आणि ‘हार्डनर’ अशा दोन बाटल्या मिळतात. या दोन गोष्टी थेट एकमेकींत कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण ढवळावे, त्यानंतर हार्डनर घालावे. कोबाल्टचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, तेच पाळावे. काही राळेत ते आधीच मिसळलेले असते, तेव्हा वेगळे घालू नये.

हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये. थेंब गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

घासताना उडणारी काचेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. राळेच्या वाफेसाठी धुळीचा मास्क पुरत नाही, रासायनिक वाफेचा मास्क लागतो. काम उघड्यावर करावे. असिटोन पटकन पेट घेतो, जवळ विडी-काडी किंवा शेगडी नको. मिसळलेली राळ खोल डब्यात तशीच ठेवली तर ती स्वतःच तापते, धूरही येतो. उरलेली राळ पसरट थाळीत ओतून उघड्यावर कडक होऊ द्यावी. आम्ही सकाळी सातला काम सुरू करून ऊन चढण्याआधी संपवत असू.

९. पुन्हा तळ्यावर

एप्रिलमध्ये नाव पुन्हा त्याच शेततळ्यात सोडली. त्याच चार गोण्या, तेच ८० किलो. या वेळी मुलांनी एक युक्ती सुचवली. गोण्यांखाली तळावर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, म्हणजे एक थेंब आला तरी डाग दिसेल. सकाळी सात ते सायंकाळी पाच अशी दहा तास नाव पाण्यात होती. दर तासाला एका विद्यार्थ्याने वहीत नोंद केली. सायंकाळी गोण्या काढल्या तेव्हा कागद कोरडा होता. तळही नाण्याने पुन्हा वाजवला, खणखणीत आवाज आला.

नवा जेलकोट पांढराशुभ्र आहे आणि जुने अंग पिवळसर पडले आहे, त्यामुळे ठिगळ स्पष्ट दिसते. त्यावर रंग द्यावा असे काहींनी सुचवले. आम्ही दिला नाही. निळा रंगही घासून काढला. घाव कोठे होता हे पुढे नाव हाताळणाऱ्याला दिसले पाहिजे. नावेसोबत एक ‘दुरुस्ती वही’ ठेवली आहे. तिच्यात पहिली फसलेली दुरुस्तीही तारखेसह नोंदली आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. नाव पाण्याला टिकते एवढेच या चाचणीने सिद्ध झाले. मुले तिच्यात बसावीत की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी एकट्याने देणार नाही. प्रशिक्षित शिक्षक, प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट, सोबत बचावाची दुसरी नाव, आवश्यक परवानगी आणि पालकांची लेखी संमती, यांपैकी एकही गोष्ट अपुरी असेल तोपर्यंत नाव पडवीतच राहील. तेथेही ती शिकवतेच आहे.

स्वाध्याय

१. ‘डागडुजी’ आणि ‘दुरुस्ती’ यांतील फरक स्वतःच्या घरातील एकेक उदाहरण देऊन लिहा.

२. नावेची जाडी ४ मि.मी. आणि भोकाचा व्यास १० सें.मी. असेल तर उतारासह एकूण व्यास किती होईल?

३. आतल्या बाजूच्या २० सें.मी. व्यासाच्या थराला ४५० ग्रॅमची मॅट व अडीचपट राळ किती लागेल? (वाया जाणारी धरू नये.)

४. घरातील माठ, फरशी किंवा भिंतीचे प्लॅस्टर बोटाने वाजवून पाहा. कोठे आवाज बदलतो? घरातील मोठ्या माणसांना कारण विचारा.

५. उपक्रम : आपल्या घरी जुनी वस्तू दुरुस्त करणारे आजोबा, आजी किंवा शेजारी असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांची फसलेली एक दुरुस्ती विचारा आणि ती का फसली ते दहा ओळींत लिहून आणा. निवडक लेखन पुढील अंकात छापले जाईल.